विचारता आले पाहिजे : विद्यार्थी आत्महत्या प्रतिबंधासाठी महाविद्यालयाच्या आवारातील माणसांना प्रशिक्षण कसे द्यावे

विद्यार्थ्याच्या मनात जीव द्यायचे विचार घोळू लागले, की त्याची पहिली चाहूल समुपदेशन कक्षाला क्वचितच लागते. ती लागते खोलीत सोबत राहणाऱ्या मुलाला, कारण हा आठवडाभर वर्गाकडे फिरकलेला नाही हे त्याने पाहिलेले असते. प्रयोगशाळा सहायकाला, कारण एरवी नीटनेटकी असणारी नोंदवही त्याच्याकडे अर्धवट पडून असते. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला, कारण तीच मुलगी लागोपाठ तीन रात्री जिन्यावर एकटी बसलेली त्याला दिसलेली असते. या माणसांना काळजी वाटत नाही असे नाही. पण पुढे काय बोलावे हे ठाऊक नसते, आणि ‘आपण कशाला नाक खुपसा’ असे म्हणून ती गप्प राहतात. आवारातील प्रशिक्षण असते ते हे गप्प राहणे मोडण्यासाठी. मानसिक आजारांची लक्षणे पाठ करून घेणे हा त्याचा हेतू नाही, कोणाला हंगामी समुपदेशक बनवणे हा तर नाहीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू आत्महत्येने होतो आणि १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. महाविद्यालयात शिकणारी जवळजवळ सगळी मुले याच वयोगटातली असतात. संस्थेत हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या व्यक्तीसाठी, मग ती प्राध्यापक असो, विद्यार्थी कल्याण अधिकारी असो वा वसतिगृहाची अधीक्षक, हा लेख लिहिला आहे. वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील, तर प्रशिक्षणाचा विषय तूर्त बाजूला ठेवून त्याने आधी कोणाशी तरी बोलावे. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि अमेरिकेत ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. इतर देशांतही अशा सेवा आहेत.

पायरी पहिली : आधी वाट तयार करा

नवखा आयोजक सहसा पहिल्या दिवसापासून वक्त्याच्या शोधाला लागतो. सुरुवात तिथून करू नये. शंभर जणांना ‘विचारा’ म्हणून शिकवले आणि विद्यार्थ्याने ‘हो, येतात असे विचार’ म्हटल्यावर त्याला न्यायचे कुठे हेच ठरलेले नसेल, तर विचारणारा आणि सांगणारा दोघेही उघड्यावर पडतात. म्हणून समुपदेशक, आरोग्य केंद्र, वसतिगृह आणि सुरक्षा विभाग या चौघांना एकत्र बसवून एका पानावर काही साधे प्रश्न लिहावेत आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत उठू नये. कामाच्या वेळेत कोणाला फोन करायचा? रात्री दोन वाजता कोणाला? तो उचलला गेला नाही तर कोणाला? जवळच्या कोणत्या रुग्णालयात तातडीची मानसोपचार सेवा आहे, आणि तिथवर नेणारे वाहन कोणाच्या सांगण्यावरून निघते? घरच्यांना कोण कळवणार, कधी कळवणार, आणि घरातली परिस्थितीच त्रासाचे मूळ असेल तर काय करणार?

यातला रात्री दोनचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक बैठकांत त्यालाच बगल दिली जाते. कागदावर ‘समुपदेशकाशी संपर्क साधावा’ असे लिहिणे सोपे असते. पण समुपदेशक सायंकाळी पाचला घरी जातो आणि वसतिगृहातल्या अडचणींना त्यानंतरच तोंड फुटते. या पानावर नाव, पद आणि फोन क्रमांक असले पाहिजेत, आणि प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी कोणीतरी ते सगळे क्रमांक खरोखर लावून पाहिले पाहिजेत.

संस्थेचे नियमही याच वेळी तपासून घ्यावेत. मनात असे विचार येतात हे कळल्याबरोबर विद्यार्थ्याला वसतिगृह सोडायला लावणे, सक्तीने घरी पाठवणे किंवा शिष्यवृत्ती अडवून ठेवणे अशी पद्धत कुठे असेल, तर कितीही उत्तम प्रशिक्षण दिले तरी कोणी तोंड उघडणार नाही. विद्यार्थ्यांना संस्थेची परिपत्रके आठवत नसतात. मागच्या वर्षी अमक्याचे काय झाले ते मात्र त्यांना पक्के आठवत असते. रजेवर गेलेला विद्यार्थी परत कसा येईल, त्याची बुडालेली परीक्षा कशी होईल आणि हजेरीत त्याला सूट कोण देईल, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. समुपदेशकाकडे येणाऱ्यांची संख्या प्रशिक्षणानंतर वाढते, आणि ती वाढायलाच हवी. पण आजच तिथे भेटीची वेळ मिळायला तीन आठवडे लागत असतील, तर आधी ती रांग कमी करण्याची सोय करावी.

पायरी दुसरी : कोणाला शिकवायचे

सगळ्यांना एकाच दिवशी सभागृहात बसवण्याचा मोह टाळावा. विद्यार्थी ज्यांच्याशी रोज, आणि कोणत्याही कामानिमित्त न येता, बोलतात अशा माणसांपासून सुरुवात करावी : वसतिगृहाचे कर्मचारी, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, खानावळीतली माणसे, ग्रंथालयातले मदतनीस, क्रीडा प्रशिक्षक. परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बसणाऱ्या लिपिकाचा विचार कोणाच्या मनात सहसा येत नाही. वास्तविक नापास झाल्याचा कागद हातात घेतलेला विद्यार्थी सर्वांत आधी त्यालाच दिसतो. प्राध्यापकांना शिकवणे आवश्यक आहेच, परंतु गुण आणि शिफारसपत्रे ज्याच्या हातात असतात त्याच्याजवळ मन मोकळे करणे अनेकांना जमत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि मग विद्यार्थी. या बाबतीत एक संशोधन नवख्या आयोजकाने डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. युरोपातील १० देशांतल्या १६८ शाळांमधील ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत शिक्षकांना गेटकीपर प्रशिक्षण दिले गेले, म्हणजे धोका ओळखून मदतीकडे नेण्याचे प्रशिक्षण. काही शाळांत विद्यार्थ्यांची प्रश्नावलीद्वारे तपासणी झाली. आणि काही शाळांत खुद्द विद्यार्थ्यांना भूमिकानाट्य व चर्चा यांच्या मदतीने ताण, नैराश्य आणि मदत मागणे या विषयांवर बोलते केले गेले. वर्षभरानंतर या शेवटच्या गटात आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या जवळपास निम्मे आढळले; केवळ शिक्षकांना शिकवलेल्या शाळांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. ही मुले शालेय वयाची होती, त्यामुळे निष्कर्ष जसेच्या तसे महाविद्यालयाला लावता येणार नाहीत. तरीही कर्मचाऱ्यांना एक दुपार बसवले की आपले काम झाले, असे मानणाऱ्या व्यवस्थापनासमोर ठेवायला हा पुरावा भक्कम आहे. मित्र मित्रालाच आधी सांगतो, म्हणून मित्रांनाही शिकवावे लागते.

मात्र विद्यार्थ्यांवर किती भार टाकायचा याची मर्यादा असावी. पाहणे, विचारणे आणि मोठ्या माणसापर्यंत पोहोचवणे एवढेच त्यांचे काम. रात्रभर जागून मित्राची राखण करणे, त्याचे फोन तपासणे, त्याचा उपचार ठरवणे हे त्यांचे काम नव्हे, आणि हे प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, कारण वीस वर्षांची मुले निष्ठेपोटी नेमके तेच करत बसतात.

पायरी तिसरी : सत्राची आखणी

तयार कार्यक्रम अनेक आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘क्यूपीआर’ पद्धत, म्हणजे विचारणे, मदत घ्यायला राजी करणे आणि मदतीकडे पोहोचवणे, एक-दोन तासांत शिकवता येते. कॅनडात १९८३ साली सुरू झालेले ‘असिस्ट’ हे प्रशिक्षण पूर्ण दोन दिवसांचे असते आणि ते वसतिगृह अधीक्षक, समुपदेशन कक्षातील स्वयंसेवक अशा मोजक्या लोकांना देणे योग्य ठरते. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ या अभ्यासक्रमाचा आवाका आत्महत्येपुरता मर्यादित नाही. अधिकृत प्रशिक्षक उपलब्ध असेल तर यांपैकी एखादा कार्यक्रम जरूर घ्यावा; नसेल तर आपल्याच संस्थेतील समुपदेशकाने एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने तीन तासांचे सत्र बांधावे. नावापेक्षा त्यात सराव किती आहे हे पाहावे.

एका गटात पंचवीस-तीसपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि प्रशिक्षक दोन असावेत : एक बोलत असताना दुसऱ्याचे लक्ष खोलीवर असावे. याला कारण आहे. कोणत्याही गटात असा कोणीतरी असतोच ज्याने जवळचे माणूस आत्महत्येत गमावले आहे किंवा जो स्वतः त्या टोकापर्यंत जाऊन आला आहे. विषयाची कल्पना सर्वांना आधी द्यावी, मध्येच उठून जाण्याची मुभा आहे हे सुरुवातीलाच सांगावे, बाहेर पडणाऱ्यासोबत दुसरा प्रशिक्षक जाईल अशी व्यवस्था ठेवावी, आणि सक्तीची हजेरी टाळावी. सुरक्षारक्षक व सफाई कर्मचाऱ्यांचे सत्र त्यांच्या कामाच्या वेळेत, पगारी वेळेत आणि त्यांच्या भाषेत घ्यावे. पाळी संपल्यावर थांबवून घेतलेल्या माणसाकडून मन लावून ऐकण्याची अपेक्षा करणे रास्त नाही.

काय दाखवू नये हेही ठरवून घ्यावे. आत्महत्येच्या पद्धतींचे वर्णन, घटनास्थळांची छायाचित्रे, चिठ्ठ्यांचे वाचन, ‘एका यशस्वी विद्यार्थ्याची करुण कहाणी’ असले चित्रफितींचे प्रकार सत्रात नसावेत. सभागृह हेलावून जाते म्हणून आयोजकांना ते परिणामकारक वाटतात. पण त्यांतून कोणाला काही करता येत नाही, आणि ऐकणाऱ्यांतल्या एखाद्याच्या बाबतीत ते धोक्याचे ठरू शकतात.

पायरी चौथी : काय ओळखायचे

या भागाला अर्धा तास पुरतो. मरण्याविषयी बोलणे, अगदी थट्टेतसुद्धा; ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता काही उपयोग नाही’ अशी वाक्ये; आवडत्या वस्तू वाटून टाकणे; माणसांतून हळूहळू निघून जाणे; झोप आणि खाणे बिघडणे; दारू किंवा नशा वाढणे; खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता. यांपैकी कोणतेही एक लक्षण दिसले म्हणजे धोका आहेच असे नाही, आणि एकही दिसले नाही म्हणजे धोका नाहीच असेही नाही. पाहायचा असतो तो बदल : कालपर्यंत जसा होता तसा आज नाही. म्हणून यादी पाठ असलेल्या माणसापेक्षा त्या विद्यार्थ्याला रोज पाहणारे माणूस जास्त उपयोगी ठरते.

लक्षणांबरोबर प्रसंगही सांगावेत, कारण कर्मचाऱ्यांच्या हाती खरे तर प्रसंगच लागतात. निकाल, शिस्तभंगाची कारवाई, रॅगिंग, जात, धर्म, लिंग किंवा भाषा यांवरून होणारी हेटाळणी, प्रेमसंबंध तुटणे, कर्ज, खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी, घरातला मृत्यू, आणि आधी एकदा प्रयत्न करून रुग्णालयातून परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडे. या शेवटच्या काळात ‘आता बरा झाला’ असे समजून सगळे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात लक्ष सर्वांत जास्त तेव्हाच द्यावे लागते. शिस्तभंगाची नोटीस किंवा वर्ष वाया गेल्याचे पत्र देणाऱ्या कार्यालयाने ते हातात देऊन विद्यार्थ्याला एकटे वाटेला लावू नये, एवढा एक नियम जरी या निमित्ताने झाला तरी सत्राचे चीज होईल.

पायरी पाचवी : प्रश्न तोंडातून निघाला पाहिजे

सत्राचा निम्मा वेळ या पायरीसाठी राखून ठेवावा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरवला जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि ती आधी दूर केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले गेले, काहींना नाही. ज्यांना विचारले त्यांच्यात ना अस्वस्थता वाढलेली आढळली, ना तसे विचार. उलट नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांची अस्वस्थता थोडी कमी झाल्याचेच दिसले. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही विचारण्याने अपाय होत असल्याचे दिसून आलेले नाही.

भीती गेली तरी जीभ अडखळते, आणि मग प्रश्न दोन प्रकारांनी बिघडतो. पहिला प्रकार असा : “काही वेडंवाकडं तर मनात नाही ना रे?” या प्रश्नात हवे असलेले उत्तर आधीच घालून ठेवलेले आहे, आणि समोरचा ‘छे छे’ म्हणून दोघांचीही सुटका करतो. दुसरा प्रकार आडवळणाचा : “तुला स्वतःला काही त्रास करून घ्यावासा वाटतो का?” स्वतःला इजा करणे आणि मरावेसे वाटणे या वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, मरण्याचा विचार करणारा विद्यार्थी या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. सरळ प्रश्न असा असतो : “इतकं सगळं एकदम अंगावर आलं की काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. तुझ्या मनात तसं काही येतं का?” यातले पहिले वाक्य लाज कमी करते आणि दुसरे कोणतीही पळवाट ठेवत नाही.

हा प्रश्न फळ्यावर लिहून भागत नाही. गटाच्या जोड्या कराव्यात, समोरासमोर बसवावे आणि प्रत्येकाने तो आपल्या बोलीत, मोठ्याने, दोन-तीन वेळा म्हणावा. पहिल्या वेळी खोलीत हसू फुटते. ते फुटू द्यावे, दुसऱ्या फेरीपर्यंत ते आपोआप ओसरते. मग उत्तर देणाऱ्याने फक्त “हो” म्हणायचे आणि थांबायचे. विचारणाऱ्याने मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोवर काहीही बोलायचे नाही. बहुतेकांना चारच्या पुढे जाता येत नाही. “असं नको ना बोलूस”, “आईवडिलांचा विचार कर”, “एवढं काय झालंय?”, “तू तर इतका हुशार” अशी वाक्ये तोंडून आपोआप बाहेर पडतात. प्रशिक्षकाने कोणाला दोष न देता ती फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्याला काय वाटले ते त्यालाच विचारावे. ‘आईवडिलांचा विचार कर’ या वाक्याने अपराधीपणाची भर पडते, हे व्याख्यान ऐकून पटत नाही; जोडीदाराच्या तोंडून ऐकले की लगेच पटते.

त्यानंतर जमतील अशी वाक्ये द्यावीत. “सांगितलंस ते बरं केलंस.” “कधीपासून असं वाटतंय?” “आज नेहमीपेक्षा जास्त वाटतंय का?” आणि मग, आवाज न चढवता, धोक्याचा अंदाज देणारे प्रश्न : कसे करायचे ते ठरवले आहे का, त्यासाठी लागणारी गोष्ट जवळ आहे का, वेळ ठरवली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. ही उत्तरे समुपदेशकाला सांगायची असतात; त्यांवरून स्वतः निदान करायचे नसते.

दोन अवघड वळणांचा सराव वेगळा करून घ्यावा. एक, “कोणाला सांगणार नाही असं वचन द्या.” वचन देऊ नये. म्हणावे : “गुपित ठेवीन असं मी कबूल करू शकत नाही, कारण तू सुखरूप असणं मला जास्त महत्त्वाचं आहे. पण कोणाला सांगायचं, काय सांगायचं, हे तुझ्याशी बोलूनच ठरवू.” दुसरे, सरळ “नाही, मला काही झालेलं नाही.” यावर उलटतपासणी सुरू करू नये. “ठीक आहे. मला काळजी वाटली म्हणून विचारलं. उद्या संध्याकाळी मी परत येईन,” असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरोखर जावे. पहिल्या विचारण्याला ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ जण दुसऱ्या वेळी बोलतात, कारण हा माणूस औपचारिकता म्हणून विचारत नव्हता हे तोवर त्यांना कळलेले असते.

पायरी सहावी : हाताला धरून नेणे

‘हा घे समुपदेशकांचा नंबर’ म्हणणे आणि ‘चल, आत्ता दोघं मिळून फोन लावू’ म्हणणे यांत महदंतर आहे. ज्याच्या अंगात सकाळी उठण्याचे बळ नाही त्याच्याकडून चिठ्ठीवरचा नंबर लावून भेटीची वेळ ठरवण्याची अपेक्षा करू नये. प्रशिक्षणात हे सोपवणेही करून दाखवावे : विद्यार्थ्यासमोरच फोन करणे, त्याच्या संमतीने दोन वाक्यांत माहिती देणे, कक्षाच्या दारापर्यंत सोबत चालणे, आत गेल्यावर बाहेर थोडा वेळ थांबणे.

तातडी किती आहे याची विभागणी साधी असावी. विचार येतात पण योजना नाही : त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी समुपदेशक, आणि तोपर्यंत विद्यार्थ्याच्या पसंतीचे एक माणूस संपर्कात. योजना आहे, साधन जवळ आहे किंवा आजच काही करण्याचा इरादा दिसतो : एकटे सोडायचे नाही, धोक्याची वस्तू दूर करायची आणि थेट तातडीच्या वैद्यकीय सेवेकडे न्यायचे. काही करून झाले आहे : आधी रुग्णवाहिका, प्रश्न नंतर. कोणत्या पातळीत बसवायचे याबद्दल शंका असेल तर वरची पातळी धरावी.

साधने दूर करण्याचे महत्त्व नवख्यांना पटायला वेळ लागतो. ‘ज्याला करायचंच आहे तो करणारच’ हा समज घट्ट रुजलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. सर्वाधिक धोक्याचा क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो, आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यानंतर १९९५ पासूनच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. आवारातही प्रयोगशाळांतील साठे, गच्चीची दारे, आरोग्य केंद्रातून एकावेळी मिळणारी औषधे यांची पाहणी दरवर्षी व्हावी. ती सुरक्षा विभागाने शांतपणे करावी. प्रशिक्षणाच्या सत्रात अशा जागांची यादी वाचू नये.

समुपदेशक विद्यार्थ्यासोबत बसून सुरक्षा योजना लिहितो : धोक्याची चाहूल देणारी लक्षणे, स्वतःला सावरण्याचे उपाय, मन रमेल अशी माणसे व जागा, मदत मागता येईल अशी माणसे, व्यावसायिक मदतीचे क्रमांक आणि परिसर सुरक्षित करण्याचे उपाय. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी रूढ केलेली ही पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. गेटकीपरने ती लिहायची नसते, पण तिच्यात आपले नाव येऊ शकते हे त्याला माहीत असावे, आणि त्या रात्री फोन वाजला तर तो उचलायचा हेही.

सोपवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी भेटावे. ‘काय झालं तिथे?’ असे विचारू नये. ‘जेवलास का, झोप लागली का?’ एवढे पुरे.

पायरी सातवी : मृत्यू घडलाच तर

या पायरीची तयारी आधीच करावी लागते, कारण त्या दिवशी कोणाचे डोके जागेवर नसते. वृत्तपत्रांत ठळकपणे छापलेल्या आत्महत्यांनंतर आत्महत्यांची संख्या वाढते, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. याच्या उलट, संकटातून वाट काढलेल्या माणसांविषयीच्या बातम्यांचा संरक्षक परिणाम होऊ शकतो, असे २०१० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधनातून दिसून आले. संस्थेचे निवेदन या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून लिहावे : मृत्यूची वस्तुस्थिती कुटुंबाच्या संमतीने मोजक्या शब्दांत, पद्धत आणि जागा यांचा उल्लेख नाही, ‘परीक्षेच्या ताणामुळे’ असले एककारणी स्पष्टीकरण नाही, ‘सुटला’ किंवा ‘शांत झाला’ अशी भाषा नाही, आणि मदत कुठे मिळेल ते ठळकपणे. बातमी शक्यतो लहान गटांत, ओळखीच्या माणसाने सांगावी. तिचे संदेश मोबाइलवरून आधीच फिरत असतात, म्हणून दडपण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. जवळचे मित्र, त्याच मजल्यावरचे विद्यार्थी, आणि ज्यांचे त्याच्याशी अलीकडे भांडण झाले होते असे सगळे यांच्याकडे त्या आठवड्यात स्वतःहून जावे. ज्याने प्रशिक्षण घेऊन त्याला विचारले होते, त्याच्याकडे तर सर्वांत आधी. श्रद्धांजली इतर कोणत्याही विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर वाहिली जाते तशीच असावी, कमीही नाही आणि वेगळीही नाही.

पायरी आठवी : टिकवणे आणि तपासणे

प्रशिक्षणानंतर माहिती आणि आत्मविश्वास वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काही महिन्यांनी तो उतरू लागतो हेही. अमेरिकेत २००४ च्या गॅरेट ली स्मिथ स्मृती कायद्याखाली निधी मिळून जिथे प्रशिक्षणे झाली, त्या भागांत पुढच्या वर्षी तरुणांमधील आत्महत्यांचे प्रमाण तुलनेने कमी राहिले, पण त्यानंतर हा फरक टिकला नाही. म्हणून दर सहामाहीला तासाभराची उजळणी ठेवावी, आणि तिच्यात नवे भाषण न देता फक्त प्रश्न विचारण्याचा आणि सोपवण्याचा सराव करून घ्यावा. विद्यार्थी दर वर्षी बदलतात, कंत्राटी कर्मचारी त्याहून लवकर बदलतात. नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यातच त्याचे सत्र व्हावे.

वरिष्ठांचा सहभाग ही शोभेची बाब नाही. अमेरिकी हवाई दलाने १९९६ पासून सगळ्या दलाला सामावून घेणारा कार्यक्रम राबवला. त्यात दरवर्षीचे प्रशिक्षण होते, तसेच मदत मागितल्याने नोकरीवर गदा येणार नाही असे वरून वारंवार सांगणेही होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. प्राचार्यांनी सत्राचे उद्घाटन करून निघून जाण्यापेक्षा जोडीत बसून तो प्रश्न मोठ्याने विचारावा; शिपायाच्या शेजारी बसून विचारला तर आणखी बरे.

यश मोजताना ‘किती जणांना प्रशिक्षित केले’ हा आकडा अहवालापुरता ठीक आहे. एका संस्थेतले मृत्यू संख्येने इतके थोडे असतात की एका वर्षी ते घटले किंवा वाढले म्हणून काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी नावे न घेता पाहावे : कोणाकोणाच्या मार्फत विद्यार्थी समुपदेशनाला आले, सांगितल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती वेळ गेला, रात्रीचा फोन किती वेळा उचलला गेला, आणि परत आलेल्या विद्यार्थ्याला हजेरीची सूट खरोखर मिळाली का. सुरक्षारक्षकांकडून एकही विद्यार्थी आलेला नसेल, तर त्यांना काही दिसत नाही असा अर्थ काढू नये. सांगितल्यावर आपल्यालाच जाब विचारला जाईल अशी त्यांना भीती आहे का, हे त्यांच्या पर्यवेक्षकाला बाजूला ठेवून विचारावे.

मदत करणाऱ्यांसाठी एक ठरलेली जागा हवी. कठीण प्रसंग हाताळलेल्या प्रत्येकाशी दोन-तीन दिवसांत समुपदेशकाने स्वतःहून बोलावे, मग ती व्यक्ती प्राध्यापक असो वा सफाई कर्मचारी, आणि विद्यार्थी स्वयंसेवकाला एखाद्या सहामाहीपुरते काम थांबवायचे असेल तर कारण न विचारता थांबू द्यावे.